हललेला तारा

२२ मे, गुरुवार

नोटीस! मला नोटीस! ज्या वेधशाळेच्या घुमटाचे पत्रे मी स्वतः डोक्यावरून डोंगरावर चढवले, तिचं मंडळ मला व्हॉट्सॅपवर नोटीस पाठवतं. आणि शेवटी हात जोडलेलं चित्र.

मजकूर असा — एकाच ताऱ्याचे वर्षानुवर्षं फोटो घेण्याचे 'रिपीट प्रकल्प' यापुढे बंद करण्याचा विचार आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी ८ जूनच्या बैठकीत आपल्या प्रकल्पाचं महत्त्व पटवून द्यावं. न पटल्यास पुढच्या वर्षीपासून दुर्बीण मिळणार नाही.

'ज्यांची' म्हणजे कोणाची? अख्ख्या मंडळात असा प्रकल्प माझ्या एकट्याचा आहे. सरळ नाव लिहायची हिंमत नाही! खाली सही — केतन, सचिव. हा केतन सहावीत असताना शनीची कडी बघायला आला होता आणि दुर्बिणीच्या भलत्याच टोकाला डोळा लावून 'दिसली, दिसली' म्हणाला होता.

मी मागतो किती? वर्षातून एक रात्र. मे महिन्यात, अमावास्येच्या आसपास. भुजंगधारी तारकासमूहातला बार्नार्डचा तारा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही इतका मंद, पण सगळ्या आकाशात सगळ्यात भरभर सरकणारा तारा हाच. भरभर म्हणजे वर्षाला दहा विकला. एका अंशाचे छत्तीसशे भाग केले तर त्यातला एक म्हणजे विकला. चंद्राच्या रुंदीइतकं सरकायला याला पावणेदोनशे वर्षं लागतील! २०१६ पासून नऊ फोटो झाले, यंदाचा दहावा. एकामागून एक दाखवले की बाकीचे सगळे जागच्या जागी, आणि हा एकटा चालतोय. जबलपूरच्या एका रिटायर्ड ड्राफ्ट्समननं तारा चालताना पकडलाय. आणि म्हणे महत्त्व पटवून द्या.

बायको म्हणून नंदानं बाजू घ्यावी, तर म्हणाली, "एवढं बीपी काहून वाढवून राहिले? दहा फोटो दाखवा ना त्यांना, विषय संपला."

विषय संपला म्हणे!

२३ मे

केतनला चार फोन. चौथ्याला — "सर, मीटिंग में हूँ." मागे क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू येत होती.

२७ मे, मंगळवार

सकाळी आठला घरी आलो. डोळे चुरचुरतायत, पाठ धरलीय. पण आधी लिहून टाकतो, नाहीतर नंदावर ओरडेन आणि तिचा यात काही दोष नाही.

नौतपा लागलाय, मेअखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस. पनागरपर्यंत बस, पुढे जीप, शेवटचा चढ पायी. रात्री नऊलासुद्धा दगड गरम. वर पोचलो तर घुमटाला लग्नघरासारख्या दिव्यांच्या माळा! निळ्या, जांभळ्या, लुकलुकणाऱ्या. स्पीकरवर गाणी. कुठल्याशा कंपनीची साठ माणसं 'आकाश-दर्शन सहली'ला आलेली. समोशांचा वास. आणि दारातच फोटो काढायला मोठा बोर्ड — 'आज मैंने चाँद देखा'. अमावास्येच्या रात्री! मी केतनला म्हटलं, अरे, निदान पंचांग तरी बघ. तो हसला. "सर, पब्लिक को क्या पता."

मला साडेबारा ते एक दिले होते. साडेबाराला माळा तशाच. म्हटलं बंद कर. तर म्हणतो, "सेफ्टी का मामला है सर, कोई गिर गया तो?" अरे, आम्ही वीस वर्षं त्या अंधारात चाललो, कोणाचं नखसुद्धा मोडलं नाही! बारा पस्तीस. बारा चाळीस. मी ओरडायला लागलो. साठ माणसं माझ्याकडे बघायला लागली. एकानं मोबाईलचा टॉर्च थेट तोंडावर मारला. घुमटामागच्या अंधारात अर्धा तास बसून डोळे सरावले होते ते गेले.

इतक्यात सगळं काळं झालं. माळा, स्पीकर, सगळं. चौकीदार तुळशीराम हळूच जवळ आला. म्हणाला, "लाईट गेली साहेब. पनागरहूनच गेली असंल. दहा मिनिटं तरी येत नाही आता." त्याच्या मुठीत फ्यूज होता.

दुर्बिणीची मोटर बॅटरीवर चालते, तिला काही झालं नाही. दहा मिनिटांत काम केलं.  फोटो आला. स्वच्छ आला! पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, कारण कॅमेरा वेधशाळेचा आणि त्याचं कार्ड पुढची बॅच पुसून टाकते.

उतरताना तुळशीरामला काही बोललो नाही. चारचौघांत आभार मानले असते तर त्याचीच नोकरी गेली असती.

२९ मे

नंदा विचारते, हा फोटो दुसरीकडे कुठे ठेवला का. मार्चमध्ये हार्ड डिस्क गेली तेव्हापासून आधीचे नऊही त्या एकाच पेनड्राइव्हवर आहेत. ठेवीन म्हटलं. रोज काय तेच तेच!

३१ मे, शनिवार

इथल्याच गढा भागात विक्कीच्या स्टुडिओत गेलो. विक्की म्हणजे नंदाच्या चुलतबहिणीचा, राधाबाईंचा मुलगा. चाळिशी आली, लग्नाचे अल्बम करतो. माझ्याशी बोलताना उभा राहतो, ते मला आवडतं. पण दुकानात सगळीकडे नवरा-नवरी. नवरीला ढगात बसवलंय, नवऱ्याला घोड्यावर, आणि घोडा भेडाघाटच्या धबधब्यावर!

पेनड्राइव्ह त्याच्या हातात दिला आणि बैठकीसाठी दोन गोष्टी सांगितल्या — दहा फोटोंचं मोठं फ्लेक्स, आणि पडद्यावर एकामागून एक दाखवायला तेच दहा फोटो पेनड्राइव्हवर, एका मापाचे, कोपऱ्यात वर्ष. बजावून सांगितलं, "दहाही एकावर एक तंतोतंत बसले पाहिजेत. हललेलं काही चालणार नाही. एक केसभरसुद्धा नाही."

"चिंता नको काकाजी. मी स्वतः बसतो याच्यावर. दुकानातल्या पोट्ट्यांले नाही देत."

आणखी समजावणार होतो, तर एक बाई लेकीच्या हळदीचे फोटो घेऊन आली आणि तिच्या जाऊबाईंना फोटोतून काढून टाकता येईल का विचारायला लागली. विक्की म्हणाला, "हो जाएगा दीदी." मी निघालो.

५ जून

विक्कीचं अजून नाही. गढ्यात दिवसभर लाईट नाही म्हणे. सिग्नल नाही, लाईट नाही, वेळ नाही — या गावात आहे तरी काय?

७ जून

"उद्या सकाळी पक्का, काकाजी." लग्नाच्या अल्बमलाही हा असंच म्हणत असेल. पोरं शाळेत जायला लागतात तेव्हा अल्बम मिळतात लोकांना!

८ जून, रविवार

काय लिहू.

विक्कीनं सकाळी नऊला फ्लेक्स आणि पेनड्राइव्ह आणून दिला. डोळे लाल, रात्रभर जागलेला. बैठक दहाची. बघायला वेळ नव्हता. खरं म्हणजे बघायची गरज वाटली नाही, माझेच तर फोटो.

चौदा माणसं. केतन मध्ये. दिवे घालवले. मी सांगितलं, मधल्या ठिपक्याकडे बघा, आता चालेल. २०१६. बटण दाबलं. २०१७. २०१८. काही नाही. मला वाटलं पडद्यावर तेच चित्र अडकलंय. पण कोपऱ्यातलं वर्ष बदलत होतं. २०१९. २०२०. "आता बघा," मी म्हटलं. २०२१. तारा तिथेच. अगदी तिथेच! २०२५ पर्यंत गेलो. उलटा आलो. पुन्हा गेलो. तो इतर हजार ताऱ्यांसारखा ढिम्म उभा.

मागून कोणीतरी खुदकन हसलं. केतन म्हणाला, "सर, सितारा तो सो रहा है." मग सगळेच हसले.

अंगाला घाम फुटला. क्षणभर — लिहायला लाज वाटते, पण लिहितो — क्षणभर मला वाटलं की तारा कधी चाललाच नव्हता. दहा वर्षं मी स्वतःच्या मनानं त्याला चालवत होतो. केतननं दिवे लावले आणि मला पाणी आणून दिलं. पाठीवर हात ठेवला! त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर परवडलं असतं.

९ जून, सोमवार

दुकान उघडायच्या आधीच गढ्यात हजर. विक्की आला. खूश! "कसा झाला प्रोग्राम, काकाजी?"

मी फ्लेक्स त्याच्या काउंटरवर आपटलं. म्हटलं, काय केलंस याचं? तर म्हणतो —

"काही नाही काकाजी. सगळे एकावर एक ठेवून पाहिले ना मी. सगळे बसले, एकच तारा हललेला होता. दर फोटोत थोडा थोडा. तो जागेवर आणून बसवला. नऊ फोटोंत. रात निघून गेली पूर्ण."

हललेला होता! जागेवर आणून बसवला!!

त्याच्या धंद्यात हललं म्हणजे बिघडलं. नवरदेवाचा हात हलला, पोराची मान हलली — बसवून टाका. मी विचारलं, मूळ फोटो कुठेत? त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग पेनड्राइव्हकडे. "त्याच्यावरच सेव्ह केले, काकाजी. एकच साईज पाहिजे होती ना तुमाले." मी विचारलं, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये? त्यानं नाही म्हणून नुसती मान हलवली.

मग मी बोललो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, आठवतं तेवढं पुरे आहे. बारावी नापास म्हणालो. डोळे आहेत की बटणं लावलीत म्हणालो. तुझ्या आयुष्यात बायकांचे पदर सरळ करण्यापलीकडे काही येत नाही म्हणालो. दोन गिऱ्हाईकं उभी होती, समोरचा पानवाला बाहेर येऊन ऐकत होता. विक्की उभाच होता. शेवटी एवढंच म्हणाला, "तुम्हीच म्हणाले होते ना काकाजी, हललेलं चालणार नाही."

हे ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. कारण म्हणालो होतो. फोटोची चौकट हलायला नको असं म्हणायचं होतं, मूर्खा! फ्लेक्स फाडायला गेलो. ते मेलं फाटत नाही. दोन्ही हातांनी ओढलं, तरी नाही. सगळ्या गढ्यासमोर मी त्या फ्लेक्सशी कुस्ती खेळलो. शेवटी तसंच काखोटीला मारून निघालो. जाताना सांगितलं, आमच्या दारात पाय ठेवायचा नाही.

१० जून

बीपी १७०. गोळी वाढवली.

१२ जून, गुरुवार

घरात वेगळंच सुरू झालंय. राधाबाईंचा फोन आला. विक्कीनं तीन दिवस दुकान उघडलं नाही. जेवत नाही. "सर्वांसमोर एवढं?" असं त्या नंदाला म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नंदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती ओरडत नाही, तेच वाईट. "तुमचा तारा गेला. माझी बहीण गेली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तुमच्या त्या डोंगरापायी मी कधी काही बोलली नाही. पण माझ्या बहिणीच्या पोराले तुम्ही भर बाजारात असं बोलले! चूक कोणाची होती? दुसरी कॉपी काहून नाही ठेवली? मी किती वेळा म्हटलं?"

मी म्हटलं, दहा वर्षं गेली माझी, दहा वर्षं! मी चौसष्टचा आहे. पुन्हा दहा करायला मी तेव्हा असणार आहे का? असलो तरी तो डोंगर चढता येणार आहे का?

"ते मले नाही माहीत," ती म्हणाली, आणि दाराशी जाऊन भाजीवाल्याशी बोलायला लागली.

कॉपी ठेवायला हवी होती. हे इथेच लिहितो, तिच्यासमोर म्हणणार नाही.

१४ जून, शनिवार

मंडळाचं पत्र. आता व्हॉट्सॅप नाही, चक्क कागदावर. 'आपल्या निष्ठेबद्दल नितांत आदर व्यक्त करून' प्रकल्प सर्वानुमते बंद. सर्वानुमते! आणि मला 'मानद मार्गदर्शक' नेमलंय. म्हणजे काय, तर सहलीच्या लोकांना वर्षातून दोनदा दोन शब्द सांगायचे. बहुधा त्या चाँदवाल्या बोर्डाशेजारी उभा करतील.

चार तुकडे केले. कागद फाटतो, हे एक बरं.

१५ जून

तुळशीरामचा फोन. "साहेब, पुढल्या मे महिन्यात येणार ना?"  ढग आहेत म्हटलं, बघू.

१७ जून, मंगळवार

आज ठरवलं, विक्कीनं काय काय बिघडवलंय त्याची यादी करायची. आकडेवारीनिशी. राधाबाईंकडे जायचं आणि त्यांच्यासमोर ठेवायची — बघा, तुमच्या मुलानं माझं काय केलंय. नंदालाही वाचून दाखवायची. बाजारात बोललो ते उगाच नाही बोललो, हे एकदा सगळ्यांना कळलं पाहिजे.

पेनड्राइव्ह लावला. २०१६ चा फोटो तेवढा हात न लावलेला, बाकी सगळे त्यानं त्याच्याशी जुळवलेत. २०१७ चा उघडला आणि मोठा मोठा करत गेलो, चित्राचे चौकोनी दाणे दिसेपर्यंत. तारा बसवलाय ती जागा तर माहीतच होती. पण तो उचलला कुठून? जरा वर सापडलं. तारा काढल्यावर भोक राहू नये म्हणून त्यानं शेजारच्या आकाशाचा तुकडा आणून तिथे चिकटवलाय. शेजारचे बारीक दाणे तिथे जसेच्या तसे दुसऱ्यांदा दिसतात. सुबक काम. सांगितल्याशिवाय कळणार नाही असं.

२०१८ चा उघडला. तिथेही ठिगळ, आणखी थोडं वर. २०१९. आणखी वर.

मग कपाटातून ट्रेसिंग पेपर काढला. नोकरीतला, पिवळा पडलाय. पडद्यावर चिकटवला आणि एकेक वर्ष उघडून प्रत्येक ठिगळावर टोकदार पेन्सिलीनं ठिपका दिला. नंदा चहा ठेवून गेली, तो गार झाला. दीडच्या सुमारास नऊ ठिपके झाले. कागद खाली घेऊन पट्टी लावली.

सरळ रेषा. अंतर सारखं. दोन ठिकाणी पेन्सिलीच्या जाडीइतका फरक, तो माझ्या हाताचा असेल.

तारा गेलाय, पण तो जिथे जिथे होता त्या नऊच्या नऊ जागा कागदावर आहेत. दहा वर्षांचं चालणं! मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो.

यादी करायचीच होती, म्हणून बाकीचंही तपासलं. चार तास लागले. सगळा फोटो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आणखी काय काय हलवलंय, पुसलंय, सजवलंय? काही नाही. दुसऱ्या एकाही ताऱ्याला त्यानं हात लावलेला नाही. एकालाही नाही. यादीत लिहायला एकच ओळ निघाली.

नंदाला अजून काही सांगितलं नाही. जेवताना ती म्हणाली, "आज गप्प गप्प आहे." मी म्हटलं, भूक लागलीय.

१८ जून, बुधवार

झोप लागली नाही. त्या फोटोंसमोर दहा वर्षांत मी कितीतरी लोकांना बसवलं. शाळांची पोरं, कॉलेजचे प्रोफेसर, मंडळातले झाडून सगळे, नंदा. प्रत्येकाला ताऱ्यावर पेन्सिलीचं टोक ठेवून दाखवावं लागलं, आणि त्यातले निम्मे माझ्या समाधानासाठी 'हो हो' म्हणाले. मला स्वतःला तो पहिल्यांदा नकाशा घेऊन शोधावा लागला होता.

विक्कीला कोणी काही सांगितलं नव्हतं. काय बघायचं तेसुद्धा नाही. एवढ्या ठिपक्यांत एकच चालतोय, हे त्याचं त्याला दिसलं.

त्याचं दुकान उघडलंच तर दहाला उघडतं. मी साडेनऊलाच जाऊन पायरीवर बसणार आहे.